रानात बसून रानाचं पुस्तक : भीमाशंकरच्या वाटेवरचा एक पाठ



आपल्या पाठ्यपुस्तकात निसर्गावरचे धडे असतात. धडा वाचायचा, खालचे प्रश्न सोडवायचे, उत्तरं धड्यातच सापडतात. आज आपण जरा वेगळ्या वाचनाबद्दल बोलणार आहोत. या वाचनात प्रश्न पुस्तकात असतो आणि उत्तर समोरच्या झाडावर असतं. कधी कधी उलटंही होतं. प्रश्न झाडावर दिसतो आणि उत्तरासाठी पुस्तकाचं पान उलटावं लागतं.

जंगलावरचं पुस्तक जंगलातच बसून वाचायचं, असं हे वाचन. त्यासाठी आपल्याला फार लांब जायला नको. चाकणपासून साधारण ऐंशी किलोमीटरवर भीमाशंकर आहे. आपल्यापैकी बरेच जण तिथे देवदर्शनाला जाऊन आले असतील. आता तिथे वाचायला जाऊ या.

गाडी ओळखता येते, मग झाड का नाही?

आपल्या भागातल्या मुलांची एक खास गंमत आहे. भोसरी, मोशी, चिखली, चाकण, महाळुंगे इथल्या कोणत्याही पाचवीच्या मुलाला रस्त्याच्या कडेला उभं करा. समोरून गाडी गेली की तो कंपनी सांगतो, मॉडेल सांगतो. नुसता मागचा दिवा दिसला तरी ओळखतो. काही जण तर इंजिनाच्या आवाजावरून सांगतात. हे त्यांना कुणी वर्गात शिकवलेलं नाही. घरात वडील, काका, दादा कंपनीत जातात, घरात गाड्यांच्या गोष्टी होतात, रस्त्यावर दिवसभर कंटेनर आणि नव्या गाड्या दिसतात. नाव कानावर पडतं, वस्तू डोळ्यासमोर असते. दोन्हींची गाठ पडली की ओळख पक्की होते.

आता त्याच मुलाला रस्त्याकडेची झाडं दाखवा. वड, पिंपळ, आंबा, कडुनिंब इथपर्यंत ठीक. पुढे सगळं "झाड". म्हणजे डोळे कमी आहेत असं मुळीच नाही. दिव्याच्या आकारावरून मॉडेल ओळखणारा डोळा पानाच्या कडेवरून झाड नक्की ओळखेल. कमी आहे ती नावं आणि वस्तू यांची गाठ. पुस्तकात नावं असतात, पण झाड समोर नसतं. सहलीत झाड समोर असतं, पण नाव सांगणारं कुणी नसतं. म्हणून दोघांना एकत्र आणायचं. पुस्तक रानात न्यायचं.

डार्विनच्या हातातलं पुस्तक

ही युक्ती नवी नाही. चार्ल्स डार्विन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. सजीवांच्या उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारे शास्त्रज्ञ. २७ डिसेंबर १८३१ रोजी 'बीगल' नावाच्या जहाजातून ते जगप्रवासाला निघाले, तेव्हा त्यांचं वय होतं अवघं २२. त्यांच्या सामानात एक आवडतं पुस्तक होतं. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाचं प्रवासवर्णन. हम्बोल्ट यांनी १७९९ ते १८०४ या काळात दक्षिण व मध्य अमेरिकेत प्रवास केला होता आणि तिथल्या घनदाट वर्षावनांबद्दल भरभरून लिहिलं होतं. डार्विन यांच्या शिक्षकांनीच, प्राध्यापक हेन्स्लो यांनी, निघताना हे पुस्तक त्यांना भेट दिलं होतं.

वाटेत टेनेरिफ नावाचं बेट लागलं. हम्बोल्ट यांनी त्याचं वर्णन केलेलं असल्याने डार्विन यांना ते बघायची फार इच्छा होती. पण इंग्लंडमध्ये कॉलऱ्याची साथ असल्याने जहाजातल्या लोकांना तिथे उतरूच दिलं नाही. पुस्तकातलं बेट लांबून बघूनच पुढे जावं लागलं.

मग २८ फेब्रुवारी १८३२ रोजी जहाज ब्राझीलमधल्या बाहिया बंदरात पोहोचलं आणि डार्विन यांनी पहिल्यांदा वर्षावनात पाऊल टाकलं. आपल्या नोंदवहीत त्यांनी हम्बोल्ट यांची खूप स्तुती केली. पण एवढं सुंदर वर्णनही प्रत्यक्षापेक्षा कमीच पडतं, हेही त्यांना जाणवलं. त्यांनी पुस्तक बंद करून ठेवलं नाही आणि रानाकडे पाठही फिरवली नाही. पाच वर्षांच्या त्या प्रवासात ते वाचत राहिले, बघत राहिले आणि रोज लिहीत राहिले.

पुढे १८४८ मध्ये आल्फ्रेड वॉलेस आणि हेन्री बेट्स हे दोन तरुण ॲमेझॉनच्या जंगलात गेले, तेही ॲमेझॉनवरचं एक प्रवासवर्णन वाचून. म्हणजे बघा, एक पुस्तक माणसाला रानात घेऊन जातं आणि रानातून नवं पुस्तक जन्माला येतं.

आपलं वर्षावन कुठे आहे?

वर्षावन म्हटलं की आपल्याला ॲमेझॉन आठवतं. पण भरपूर पावसावर वाढलेलं, वर्षभर हिरवं राहणारं जंगल सह्याद्रीतही आहे. भीमाशंकरला काही भागात सदाहरित आणि पुष्कळ भागात निमसदाहरित जंगल आहे. निमसदाहरित म्हणजे काही झाडं पानं गाळतात, पण जंगल पूर्ण उघडं पडत नाही. १९८५ मध्ये या जंगलाला वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेलं आहे.

मग ॲमेझॉन आणि भीमाशंकर यांत फरक काय? ॲमेझॉनच्या खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी वर्षभर थोडाफार पाऊस पडतच राहतो. आपल्याकडे सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेले सात-आठ महिने जवळपास कोरडे. तरीही हे जंगल हिरवं राहतं. कसं? गर्द सावलीमुळे जमीन लवकर सुकत नाही. पडलेल्या पानांचा जाड थर स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. मुळं खोल जातात. अनेक झाडांची पानं जाड आणि चकचकीत असतात, त्यातून पाणी कमी उडतं. जांभळाचं पान हातात घेऊन बघा, लगेच कळेल. चार महिन्यांची कमाई बारा महिने पुरवायची, हा या जंगलाचा संसार आहे.

ऐंशी किलोमीटरचा धडा

हे वाचन जंगलात पोहोचल्यावर सुरू होत नाही. ते बस सुटली की सुरू होतं. खिडकीची जागा त्यासाठीच असते.

अरबी समुद्रावरून येणारे पावसाळी वारे सह्याद्रीला धडकतात. डोंगरामुळे ते वर चढतात, वर गेल्यावर हवा थंड होते आणि ढगातलं पाणी डोंगरमाथ्यावर कोसळतं. डोंगर ओलांडून पूर्वेकडे येईपर्यंत वाऱ्यातलं पाणी बरंचसं संपलेलं असतं. म्हणून पिंपरी-चाकण परिसरात वर्षाला साधारण ६०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि भीमाशंकरला ३,००० मिलिमीटरच्या आसपास, काही वर्षी त्याहूनही जास्त. म्हणजे जवळपास चौपट! भूगोलात हे आपण "पर्जन्यछायेचा प्रदेश" म्हणून पाठ करतो. बसमधून ते डोळ्यांनी दिसतं.

चाकणच्या आसपास माळरान, बाभळी, कडुनिंब, मधे मधे कंपन्यांच्या भिंती. राजगुरुनगरला भीमा नदी भेटते. तिथून चास-वाड्याच्या रस्त्याला लागलं की चासकमान धरणाचं पाणी दिसू लागतं. पुढे भातखाचरं सुरू होतात. भात दिसला की समजायचं, आपण जास्त पावसाच्या मुलखात आलो. मग हिरड्याची, जांभळाची, आंब्याची झाडं वाढत जातात. शेवटी रस्ता झाडांच्या बोगद्यात शिरतो आणि हवा एकदम गार होते.

वहीत एक साधा तक्ता करा. डावीकडे गावाचं नाव, उजवीकडे खिडकीतून दिसलेलं पीक किंवा झाड. परतीच्या वाटेवर तोच तक्ता खालून वर वाचायचा. पाऊस न मोजता पावसाचा नकाशा तयार होतो.

कोणतं पुस्तक सोबत घ्यायचं?

मराठीत निसर्गावर सुंदर पुस्तकं आहेत. इथे तिघांची ओळख करून देते.

दुर्गाबाई भागवत यांचं 'ऋतुचक्र' हे पुस्तक १९५६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात मराठी महिन्यांच्या क्रमाने निसर्गाचं वर्णन आहे. आपण ज्या महिन्यात जाणार, त्या महिन्याचा लेख काढून वाचायचा. भाषा थोडी अवघड वाटेल, म्हणून बाईंनी किंवा गुरुजींनी एखादा परिच्छेद मोठ्याने वाचावा. रंग, वास, आवाज नेमक्या शब्दांत कसे पकडायचे, हे दुर्गाबाईंकडून शिकावं.

व्यंकटेश माडगूळकर यांचं 'नागझिरा' हे विदर्भातल्या नागझिरा अभयारण्यावरचं पुस्तक. माडगूळकर मूळचे माणदेशातले. माणदेश म्हणजे कमी पावसाचा, उघड्या माळांचा मुलूख. तिथला माणूस जंगलात जातो तेव्हा त्याला काय काय दिसतं, ते या पुस्तकात आहे. आपल्या वर्गात बीड, लातूर, धाराशिव, सोलापूरकडून आलेली कितीतरी मुलं आहेत. त्यांना हा लेखक आपल्या गावाकडचा वाटेल.

मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात छत्तीस वर्षं नोकरी केली. नवेगाव, नागझिरा, मेळघाट अशा जंगलांत राहून त्यांनी 'रानवाटा', 'जंगलाचं देणं', 'पक्षी जाय दिगंतरा', 'पक्षीकोश' अशी पुस्तकं लिहिली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचं निधन झालं. जंगलात राहणाऱ्या माणसांकडून त्यांनी शेकडो शब्द गोळा केले, काही नवे शब्दही मराठीला दिले. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' आणि बगळे-करकोच्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' हे शब्द त्यांच्यामुळे आपल्याला माहीत झाले. शब्द मिळाला की ती गोष्ट वेगळी दिसू लागते. नाहीतर "झाडावर खूप पक्षी बसलेत" एवढंच आपण म्हणतो.

रानात बसून कसं वाचायचं?

रानात अख्खं पुस्तक वाचायचं नसतं. एक पान पुरे. पद्धत सोपी आहे.

१) एका झाडाखाली, वाट न सोडता, चार-पाच जणांच्या गटाने बसा. एकाने पान मोठ्याने, पण हळू आवाजात वाचावं.

२) पुस्तक मिटा. दहा मिनिटं कुणीही बोलायचं नाही. पहिल्या दोन मिनिटांत काहीच ऐकू येत नाही. पाचव्या मिनिटाला पाच आवाज ऐकू येतात.

३) आता वहीत दोन रकाने करा. पहिला : "पुस्तकात आहे, इथे दिसत नाही." दुसरा : "इथे आहे, पुस्तकात नाही."

४) प्रत्येकाने एक प्रश्न लिहायचा. उत्तर माहीत नसलेलाच प्रश्न लिहायचा.

नमुन्यासाठी काही नोंदी बघा :

"पुस्तकात प्राणी पाण्यावर येताना दिसतात. इथे एकही प्राणी दिसला नाही, पण शिट्टीसारखा आवाज आला."

"झाडाच्या खोडावर हिरवट-पांढरे डाग आहेत. ते रंगासारखे दिसतात पण खरवरीत आहेत."

"उंच झाडावर काटक्या-पानांचा मोठा गोळा आहे. कावळ्याच्या घरट्यापेक्षा खूप मोठा आहे. कोणाचा?"

या तीन नोंदींत तीन धडे लपलेले आहेत. ते एकेक करून उलगडू या.

पुस्तक आणि रान जुळत नाही तेव्हा

पहिली नोंद घ्या. नागझिऱ्याचं जंगल पानगळीचं आहे. उन्हाळ्यात पानं झडतात, पाणवठे कमी होतात, त्यामुळे प्राणी पाण्यावर येतात आणि लांबूनही दिसतात. भीमाशंकरला दाट पानोळ्यामुळे वीस पावलांपलीकडचं दिसत नाही. इथे डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाला येतात. तो शिट्टीचा आवाज शीळकरी कस्तुराचा असू शकतो. एखादा मुलगा सहज शीळ घालत चालला आहे असं वाटावं, असा हा पक्षी गातो. म्हणजे पुस्तक चुकीचं नव्हतं. ते दुसऱ्या जंगलाचं होतं. दोन जंगलांतला फरक पाठ करावा लागला नाही, तो आपोआप सापडला. पुस्तक आणि रान जिथे जुळत नाही, तिथेच शिकणं सुरू होतं. म्हणून दुसऱ्या जंगलाचं पुस्तक सोबत नेणं ही अडचण नसून सोय आहे.

दुसरी नोंद खोडावरच्या डागांची. त्याला म्हणतात दगडफूल. हो, आपल्या आईच्या गोड्या मसाल्यात असतं तेच! दगडफूल हे फूल नाही आणि एकटा जीवही नाही. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे. बुरशी घर देते, ओलावा धरते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करतं. दगडफुलांना हवेतलं प्रदूषण, विशेषतः सल्फर डायऑक्साइड, सहन होत नाही. म्हणून जगभर हवा स्वच्छ आहे की नाही याचा अंदाज घ्यायला शास्त्रज्ञ झाडांवरची दगडफुलं बघतात. घरी परतल्यावर शाळेसमोरच्या, मग एमआयडीसीतल्या मोठ्या रस्त्यावरच्या झाडाचं खोड भिंगातून बघा. रानातल्या खोडाशी तुलना करा. यंत्राशिवाय केलेला हा हवेचा अभ्यास आहे.

तिसरी नोंद त्या मोठ्या गोळ्याची. ते शेकरूचं घरटं. शेकरू म्हणजे मोठी, तांबूस-तपकिरी खार, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भीमाशंकर अभयारण्याची मुख्य ओळखच शेकरू आहे. एकच शेकरू अनेक घरटी बांधतं, म्हणून घरट्यांची संख्या म्हणजे शेकरूंची संख्या नव्हे. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. या फांदीवरून त्या फांदीवर लांब उड्या मारत फिरतं. आता विचार करा. दोन झाडांमधला मोठा वृक्ष तोडला, तर आपल्याला फक्त थोडं जास्त आकाश दिसेल. शेकरूसाठी मात्र रस्ताच तुटलेला असेल. त्याला खाली उतरावं लागेल आणि खाली कुत्री आहेत, गाड्या आहेत. आपल्याकडे पूल पडला तर बातमी होते. शेकरूचा पूल पडल्याची बातमी होत नाही.

पावसाळ्यातली आणखी एक नवलाई सांगते. भीमाशंकर आणि आहुपे परिसरात पावसाळ्याच्या रात्री कुजणाऱ्या ओल्या लाकडावरची एक प्रकारची बुरशी मंद हिरवट प्रकाशाने चमकते. मोठमोठी माणसंही ते बघून गप्प होतात. पण रात्री जंगलात जायला वनखात्याची परवानगी लागते आणि लहान मुलांच्या सहलीत ते करायचं नाही. ते मोठेपणीसाठी राखून ठेवा.

तिथली माणसं : न छापलेलं पुस्तक

भीमाशंकरच्या आसपास महादेव कोळी समाजाच्या वाड्यावस्त्या आहेत. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या या रानाशेजारी राहतात. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून वाळवणं हे त्यांच्या कमाईचं एक मोठं साधन. हिरडा औषधात वापरतात, कातडी कमावायलाही वापरतात. कारवीच्या काठ्यांना शेणमातीचा लेप देऊन कुडाच्या भिंती करतात. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच सामूहिकपणे फुलते, बी धरते आणि मरून जाते. "मागची कारवी कधी फुलली होती?" असं तिथल्या आजीला विचारा. त्या वर्षी घरात काय घडलं होतं, कुणाचं लग्न झालं, कोण जन्मलं, हे सगळं ती सांगेल. तिचं कॅलेंडर रानात टांगलेलं आहे.

अशा गावांनी देवराया जपल्या. देवाचं रान म्हणून तिथे कुऱ्हाड लावायची नाही, असा नियम. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. आजूबाजूचं जंगल गेलं तरी देवराईच्या तुकड्यांत जुनी झाडं, वेली टिकून आहेत, हे त्यांनी जगासमोर मांडलं. ते शास्त्रज्ञ पुस्तकं वाचलेले होते, तरी त्यांनी गावोगाव फिरून माणसांना विचारलं. आपणही विचारायचं. मात्र नमस्कार करून, "आजी, हे झाड कोणतं हो?" असं आदराने. सांगितलेलं नाव त्यांच्याच उच्चारात लिहून घ्यायचं. एकाच झाडाला पुस्तकात एक नाव आणि वाडीत दुसरं नाव असेल, तर दोन्ही लिहायची. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी हिंदी, कन्नड, तेलुगू बोलत असतील, तर त्याने तिसरं नाव घरी विचारून आणायचं.

हे सगळं कशासाठी?

कुणी म्हणेल, झाडांची नावं कळून काय होणार? परीक्षेत तर विचारत नाहीत.

जरा पाण्याकडे बघा. भीमाशंकरच्या डोंगरात भीमा नदीचा उगम होतो. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. आपली पवना मुळेला, मुळा मुठेला आणि मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. हीच भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते आणि पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते. म्हणजे पिंपरीच्या नळाचं पाणी, चाकणच्या कंपनीचं पाणी, वारकऱ्यांच्या स्नानाचं पाणी हे सगळं सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाचं आहे. डोंगरावरचं जंगल तो पाऊस अडवतं, जिरवतं आणि हळूहळू सोडतं. जंगल गेलं की पाऊस तेवढाच पडेल, पण पाणी माती घेऊन धावत सुटेल. धरणात गाळ भरेल आणि झरे लवकर आटतील.

आणखी एक गोष्ट. ज्याचं नाव माहीत नाही, ते नाहीसं झालं तरी कळत नाही. रस्ता रुंद करताना "काही झाडं" गेली, असं आपण म्हणतो. "तीन जांभळं, दोन अंजनी आणि एक मोठा उंबर गेला" असं म्हणणारं कुणी असेल, तर निदान प्रश्न तरी विचारला जाईल. आज पाचवीत असलेली मुलं उद्या इथेच इंजिनिअर होतील, ठेकेदार होतील, नगरसेवक होतील. कोणतं झाड ठेवायचं, हे तेच ठरवणार आहेत. त्या दिवशी त्यांना झाडाचं नाव आठवलं पाहिजे.

आणि आपल्याला हा वारसा नवा नाही. देहूजवळचा भंडारा डोंगर आणि चाकण एमआयडीसीच्या कडेला उभा असलेला भामचंद्र डोंगर, इथे तुकोबाराय एकांतात बसत असत. झाडंझुडपं आणि रानातले जीव ही आपली नातीगोती आहेत, असं त्यांनी सांगितलं. नातेवाईकाचं नाव माहीत नसेल, तर ते नातं कसलं?

शिक्षक आणि पालकांसाठी थोडंसं

सहलीची यादी निघते तेव्हा वॉटर पार्क आणि मॉल पुढे असतात. मुलांना मजा हवी, त्यात गैर काही नाही. पण आपल्या शाळेतल्या पुष्कळ मुलांचे पालक ठेक्यावर काम करतात. वर्षातून एकदा निघणारी शाळेची सहल हाच त्या मुलांचा एकमेव प्रवास असतो. तो एक दिवस कुठे घालवायचा, हे आपण ठरवतो. म्हणून तीन-चार वर्षांतून एकदा तरी रान निवडावं, अशी विनंती.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा. महाशिवरात्र, सोमवार आणि सुट्ट्यांची गर्दी टाळावी. वनखात्याकडे आधी चौकशी करावी, स्थानिक वाटाड्या जरूर घ्यावा. त्याची मजुरी सहलीच्या खर्चात धरावी. पायात बूट हवेत. चापडा नावाचा हिरवा विषारी साप पानांत मिसळून बसतो, म्हणून वाट सोडायची नाही आणि फांदीला हात लावायचा नाही. प्लास्टिकची पिशवी नेली तेवढीच परत आली का, हे मोजून बघावं.

मोबाइलमधलं ॲप फोटोवरून झाडाचं नाव सांगतं, मग पुस्तक कशाला, असं पालक विचारतात. ॲप वापरावं, पण घरी आल्यावर. रानात रेंजही धड मिळत नाही. शिवाय ॲप नाव लगेच देतं आणि नाव मिळालं की मूल पुढे जातं. पुस्तकात शोधायचं तर पान समोरासमोर आहे की एकाआड एक, कड दातेरी की साधी, खोड गुळगुळीत की भेगाळलेलं, हे आधी बघावं लागतं. ते बघणं हाच खरा अभ्यास आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवरची दहा झाडं मोजा. किती झाडांची नावं येतात? न येणाऱ्या झाडांची पानं वहीत चिकटवा. फक्त पडलेलीच पानं घ्या.

२. घरातल्या मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल भिंगातून बघा आणि चित्र काढा.

३. ॲमेझॉनचं जंगल आणि भीमाशंकरचं जंगल यांतील एक साम्य व एक फरक लिहा.

४. शेकरूला झाडांचे शेंडे एकमेकांना लागलेले का हवे असतात? चार ओळींत लिहा.

५. तुमच्या घराच्या नळाला कोणत्या नदीचं किंवा धरणाचं पाणी येतं? मोठ्यांना विचारा. ती नदी कुठे उगम पावते, ते नकाशात शोधा.

६. आजी-आजोबांना त्यांच्या गावाकडच्या तीन झाडांची नावं विचारा. ती झाडं आज तिथे आहेत का, तेही विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा.

७. निसर्गावरच्या कोणत्याही पुस्तकातलं एक पान शाळेच्या मैदानातल्या झाडाखाली बसून वाचा. मग दोन रकान्यांची नोंद करा. रानात जाण्याआधीचा हा सराव आहे.